स्टेशनच्या बाहेर सुरू होणारा खर्च

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून आसनगाव सुमारे ८५ किलोमीटर आहे. लोकलचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट पन्नास रुपयांच्या आत मिळतं. आसनगाव स्टेशनपासून माहुली किल्ल्याच्या पायथ्याचं गाव जेमतेम पाच-सहा किलोमीटर; पण तिथवर एकट्यासाठी रिक्षा ठरवली, तर लोकलच्या तिकिटाच्या कित्येक पट पैसे मोजावे लागतात. यात रिक्षावाला कुणाला लुबाडत नाही. माहुली गावातून परतताना प्रवासी मिळेल याची त्याला खात्री नसते, म्हणून तो रिकाम्या फेरीचं पेट्रोलही जातानाच्या भाड्यात धरतो. लोकलमागे मात्र हजारो प्रवासी आणि सरकारचा पैसा उभा असतो. त्यामुळे ८५ किलोमीटर स्वस्त आणि पुढचे सहा महाग, असा हा हिशोब आहे. शहापूर-मुरबाड या तालुक्यांची सहल आखणाऱ्यांपैकी बहुतेक जण तो उलटा मांडतात. मुंबईहून किती लांब आहे हे पाहतात, खोलीचं भाडं विचारतात, आणि स्टेशनवर उतरल्यावरचं 'बघू तिथे गेल्यावर' म्हणून सोडून देतात.

मधल्या खर्चाचा प्रवास म्हणजे उधळपट्टी नको, पण हालही नकोत, असा प्रवास. आई-वडील, एक-दोन मुलं, कधी सोबत आजी. स्वच्छ संडास हवा, गरम जेवण हवं, रात्री पाठ टेकायला गादी हवी, आणि घरी परतल्यावर महिन्याचं गणित कोलमडायला नको. अशी माणसं महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. तरीही त्यांना हवी तशी सहल या दोन तालुक्यांत बांधून तयार मिळत नाही. ती आपली आपण जोडून घ्यावी लागते. हीच अडचण जगात इतरत्रही आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या घानाचं अंदाजपत्रक करायला बसलं, तर तिथेही खर्चाची वही याच ओळीपाशी अडखळते. म्हणून आधी घरचं गणित नीट सोडवू.

दोन्ही तालुके नकाशावर एकमेकांना खेटून असले, तरी दोघांचं दळणवळण अगदी वेगळं आहे. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर शहापूर हा ठाणे जिल्ह्यातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा तालुका उरला. त्याच्या पोटातून कसाऱ्याची रेल्वे जाते. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा अशी एकामागून एक स्टेशनं लागतात. मुंबई-नाशिक महामार्गही तिथूनच जातो, आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून समृद्धी महामार्गही. मुरबाडला मात्र अजून रेल्वे नाही. कल्याणला उतरायचं आणि तीसेक किलोमीटर एसटीने किंवा दुसऱ्या गाडीने जायचं. तिथून तोच रस्ता सरळगाव, टोकावडे, वैशाखरे, मोरोशी करत माळशेज घाट चढून नगरकडे जातो. शहापूरहून मुरबाडकडे यायला किन्हवलीवरून सरळगावला निघणारा आडवा रस्ता आहे. पण त्यावरच्या एसटी आपल्या सोयीने धावत नाहीत. त्या शाळेच्या, बाजाराच्या आणि कचेरीच्या वेळा पाहून धावतात, आणि ते योग्यच आहे. म्हणजे एका सहलीत दोन्ही तालुके पाहायचे असतील, तर स्वतःची नाही तर भाड्याची गाडी लागतेच.

आता मधल्या खर्चाचा टप्पा गायब का आहे, ते पाहू. सर्वांत खालच्या खर्चात फिरणारे लोक इथे भरपूर येतात. डोंगर चढणारी तरुण मुलं देवळात नाहीतर शाळेच्या ओसरीवर झोपतात, गोरखगडाच्या गुहेत मुक्काम करतात, पायथ्याच्या गावात एखाद्या घरी भाकरी-पिठलं खातात. वरच्या टोकाला पोहण्याचा तलाव, मोठी हिरवळ आणि दोन दिवसांचं सगळं आटोपशीर पॅकेज देणारी ठिकाणं आहेत. या दोघांच्या मधली साधी, नीटनेटकी, चार माणसांच्या कुटुंबाला परवडणारी खोली थोडीच सापडते. कारण अगदी सरळ आहे. इथली गर्दी पावसाची आणि तीही शनिवार-रविवारची. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत शनिवारच्या रात्री येतात तेरा-चौदा. खोली बांधणाऱ्याला कर्जाचा हप्ता, वीज, राखणदार, रंगरंगोटी हा वर्षभराचा खर्च जवळजवळ तेवढ्याच रात्रींतून काढायचा असतो. मग तो एक तर भाडं वर नेतो, नाहीतर खोली बांधतच नाही.

हे समजलं की उपायही दिसतो. त्या तेरा-चौदा रात्री सोडून जायचं. मंगळवार-बुधवारी तीच खोली, तोच डोंगर, तेच धबधबे. भाव मात्र बोलून ठरवता येतो. ज्यांना आठवड्याच्या मधली सुटी शक्य नाही, त्यांनी पावसाळाच सोडावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भाताची कापणी चालू असते, हवा निवळलेली असते, माहुलीचे सुळके दुरून स्वच्छ दिसतात आणि गर्दी नसते. माळशेजचं पावसाळी रूप मोठं आहे, हे मी नाकारत नाही. पण जुलैतल्या रविवारी घाटात गाड्यांच्या रांगेत काढलेले तास म्हणजे माळशेज पाहणं नव्हे. शिवाय पावसात धबधबे आणि धरणांच्या परिसरात जिल्हा प्रशासन अनेक वर्षी मनाई आदेश काढतं, घाटात दरडी कोसळतात, वाहतूक थांबते. आगाऊ भरलेले पैसे अशा वेळी परत मिळतील का, हे खोली ठरवतानाच विचारून घ्यावं आणि मोबाइलवर लिहून मागावं.

आता प्रत्यक्ष आकडे मांडू. हे दर कुणा एका ठिकाणचे नाहीत. वही मांडण्यापुरते धरलेले अंदाज आहेत. आकडे आपापल्या सोयीने बदलावेत, पण त्यांच्यातलं प्रमाण नीट पाहावं. चार माणसं, दोन रात्री, तीन दिवस. लोकलचं येणं-जाणं मिळून ४०० रुपये. आसनगावपासून दोन दिवस चालकासह गाडी, इंधन धरून ६,००० रुपये. चौघांची मोठी खोली किंवा घरगुती निवास, रात्रीला २,५०० प्रमाणे ५,००० रुपये. जेवण, नाश्ता, चहा मिळून ३,६०० रुपये. डोंगरावर वाट दाखवणारा माणूस १,००० रुपये. तानसा अभयारण्याचं प्रवेशशुल्क, पार्किंग वगैरे ४०० रुपये. इथवर १६,४०० झाले. त्यावर १,६०० रुपये अडीअडचणीला बाजूला. एकूण १८,००० रुपये, म्हणजे माणशी दिवसाला १,५००.

यात मुंबई ते आसनगाव हा लांबचा टप्पा एकूण खर्चाच्या दोन-सव्वादोन टक्के आहे, आणि आसनगावच्या पुढचं फिरणं बरोबर एक तृतीयांश. खोलीपेक्षाही गाडी महाग. त्यामुळे खोलीच्या भाड्यात दोनशे रुपये कमी करून घेण्यात अर्धा दिवस घालवण्यापेक्षा गाडीचा हिशोब नीट बसवण्यात जास्त पैसे वाचतात.

गाडी ठरवताना किलोमीटरवर ठरवायची की दिवसावर, हे आधी बोलावं. माहुलीच्या पायथ्याशी गाडी सहा-सात तास नुसती उभी राहणार असेल, तर किलोमीटरचा दर आपल्याला स्वस्त वाटतो, पण चालकाचा दिवस त्यात बुडतो. मग तो थांबण्याचे वेगळे पैसे मागतो आणि वादाला तोंड फुटतं. दिवसावर ठरवणं दोघांनाही बरं. चालकाचं जेवण कोण देणार, रात्री तो घरी जाणार की मुक्कामी राहणार, मुक्कामाचा भत्ता किती, रिकाम्या परतीचं काय, हे चार प्रश्न फोनवरच मिटवावेत. शक्यतो गाडी त्याच तालुक्यातली घ्यावी. मुंबईहून गाडी आणली की ज्या ८५ किलोमीटरला लोकल स्वस्त पडते, त्याच अंतराला आपण इंधन आणि टोल भरत बसतो.

गाडीच्या हिशोबाचा दुसरा धडा नाणेघाटाचा. सातवाहनांच्या काळात सोपारा-कल्याणच्या बंदरांतून जुन्नरकडे आणि पुढे पैठणकडे जाणारा माल या घाटाने चढे. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाण्यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत, आणि भारतातल्या अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. जवळच दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, अशी परंपरेने चालत आलेली समजूत आहे. दोन हजार वर्षांपूर्वीही या वाटेने जाणाऱ्याला खर्चाची तजवीज करूनच निघावं लागत असणार. आजही इथे दोन पर्याय आहेत. मुरबाडकडून वैशाखऱ्याला उतरून पायी चढलं तर खर्च जवळजवळ नाही, घाम मात्र आहे. गाडीने माथ्यावर जायचं तर माळशेज चढून जुन्नरच्या बाजूने मोठा वळसा घालावा लागतो आणि गाडीचा एक अख्खा दिवस वाढतो. सोबत गुडघे दुखणारं माणूस असेल, तर तो दिवस जरूर विकत घ्यावा. नसेल, तर पायीच चढावं.

एसटीवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी मुक्कामाची गाडी हा उत्तम आधार आहे. संध्याकाळी आतल्या गावाला जाऊन रात्री तिथेच थांबणारी आणि पहाटे परत निघणारी ही बस. तिच्या वेळा शहापूर किंवा मुरबाड आगारात विचाराव्यात. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. आजी, आई आणि मुलगी अशा तिघी निघाल्या, तर हा फरक जाणवण्याइतका मोठा होतो. माझं मत असं, की तीन दिवसांपैकी एक दिवस एसटीने फिरावा आणि एकच दिवस गाडी घ्यावी. वरच्या वहीतले ६,००० मग साडेतीन हजारांच्या आसपास येतील, आणि मुलांना तालुका खिडकीतून नीट दिसेल.

खोलीबद्दल थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. आधी तो १२ टक्के होता. जुनाच दर लावून कुणी बिल देत असेल, तर दाखवून द्यावं. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या छोट्या घरगुती निवासवाल्याला सहसा जीएसटी नोंदणीच लागत नाही, म्हणून त्याच्याकडे हा करच नसतो. राज्य सरकारची न्याहारी व निवास योजना आहे, २०२० चं कृषी पर्यटन धोरणही आहे. अशा नोंदणी केलेल्या घरांत राहिलं, की भाड्याचे पैसे थेट त्या घरात जातात.

आणि एक गोष्ट पैशापलीकडची, पण खर्चाच्या वहीत असायलाच हवी. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांपैकी भातसा, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा यांचं पाणी या शहापूर परिसरात अडवलं जातं. तानसा तर १८९२ पासून मुंबईची तहान भागवतो आहे. याच तालुक्यातले पाडे एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहतात. बायका हंडे घेऊन आटलेल्या विहिरीच्या काठावर बसतात. उन्हाळ्यात इथे येऊन पोहण्याच्या तलावासाठी जास्तीचं भाडं भरणं मला पटत नाही. ते पाणी कुठून तरी आणलेलं असतं, आणि कुणाच्या तरी वाट्याचं असतं. ज्यांना मे महिन्यातच सुटी मिळते, त्यांनी तलाव नसलेली जागा निवडावी. ती स्वस्तही पडेल.

जेवणाचे पैसे कसे खर्च करायचे, यावर सहलीची निम्मी चव ठरते. महामार्गावरच्या धाब्यावर पनीर खाऊन परत येणाऱ्यांची मला फार हळहळ वाटते. गावातल्या घरी आदल्या दिवशी फोन करून माणसं किती, शाकाहारी किती, हे सांगावं. गावठी कोंबडी फ्रीजमध्ये नसते, मागणी आली की आणली जाते. म्हणून थोडे पैसे आगाऊ द्यावेत. तांदळाची भाकरी, नागलीची भाकरी, उडदाचं नाहीतर चवळीचं कालवण, सुक्या मासळीची चटणी आणि पावसाच्या तोंडावर शेवळं. शेवळांना खाज असते, म्हणून ती काकडांची फळं घालून शिजवतात. हे ठाऊक असलेल्या हातचीच शेवळं खावीत. पुढे कुर्डू, टाकळा, भारंगी येतात. शहापूर आणि मुरबाडच्या बाजारात ठाकूर आणि कातकरी बायका या रानभाज्यांचे वाटे मांडून बसतात. पहाटे रान तुडवून आणलेल्या भाजीवर पाच रुपयांची घासाघीस कुणी करू नये.

वाटाड्याचे हजार रुपये अनेक जण वहीतून सर्वांत आधी खोडतात. ते खोडू नयेत. माहुली म्हणजे एकच किल्ला नाही. पळसगड, माहुली आणि भंडारगड असे त्याचे तीन भाग आहेत आणि भोवती तानसा अभयारण्याचं घनदाट जंगल. १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाहीचा शेवटचा झगडा इथूनच दिला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात हा किल्ला मोगलांना द्यावा लागला, आणि १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो परत घेतला. ही हकीकत पुस्तकात मिळते. कोणत्या टाक्यात फेब्रुवारीनंतरही पिण्याजोगं पाणी राहतं, कोणत्या ओढ्याने वाट चुकवली, हे मात्र पायथ्याच्या माणसालाच ठाऊक असतं. मुरबाडमधल्या सिद्धगडाचंही तसंच. २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना तिथे वीरमरण आलं. दरवर्षी त्या दिवशी लोक तिथे आदरांजली वाहायला जातात. त्या सुमाराला जायचं तर गाडी आधीच ठरवून ठेवावी. पौष पौर्णिमेला म्हसा गावची जत्रा भरते. बैलांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी ती प्रसिद्ध आहे. त्या दिवसांत मुरबाडकडे जायला गाड्या भरपूर मिळतात, राहायला मात्र जागा नाही. घोंगडं घ्यायचं असेल, तर त्याचे पैसे वेगळे काढावेत, जेवणाच्या रकमेतून नकोत.

पैसे कोणत्या रूपात न्यायचे, याचा अनुभव मुरबाड तालुक्याने लवकरच घेतला आहे. नोटाबंदीनंतर १ डिसेंबर २०१६ रोजी धसई हे गाव महाराष्ट्रातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झालं. भोवतालच्या गावांचा बाजार धसईत भरतो. तिथल्या दुकानांत कार्ड घासायची यंत्रं आली, वडापावही कार्डावर मिळू लागला. पुढे वायरचं इंटरनेट, मोबाइलचं नेटवर्क आणि बँकेचे आकार यांत ते उत्साहाचे दिवस सरले आणि रोख परतली. आता क्यूआरचा चौकोन टपरीवरही दिसतो. पण घाटाच्या कुशीतल्या गावात फोनला रेंज नसेल, तर त्या चौकोनाचा उपयोग नाही. निघताना शंभर आणि पन्नासच्या नोटा घेऊन निघावं. पाचशेची नोट माहुलीच्या पायथ्याला मोडून मिळेल, याचा भरवसा नाही.

आता हीच वही घानासाठी उघडू. मुंबईहून आक्राला जायचं तर आदिस अबाबा, दुबई किंवा नैरोबी अशा एखाद्या ठिकाणी विमान बदलावं लागतं. शहापूरच्या सहलीत उंबरठा ओलांडायला चौघांना ४०० रुपये लागले. इथे तोच उंबरठा सर्वांत महाग. विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा, हिवतापाच्या गोळ्या आणि पीतज्वराची लस हे सगळं पाऊल टाकण्याआधीच भरावं लागतं. पीतज्वराच्या लसीचा दाखला नसेल, तर घानात प्रवेश नाही, आणि परतताना आपलं सरकारही तो मागतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. लस घेतल्यावर दाखला दहा दिवसांनी लागू होतो आणि आता तो आयुष्यभर चालतो. ती फक्त मान्यताप्राप्त केंद्रांवरच मिळते. शहापूर-मुरबाडच्या माणसाला त्यासाठी मुंबईला आधी वेळ घेऊन एक खाडा करावा लागतो. तो दिवसही वहीत धरावा.

उंबरठा महाग असला की गणित उलटं फिरतं. समजा, निघण्याआधीचा सगळा खर्च माणशी १,२०,००० रुपये आणि तिथला रोजचा खर्च ८,००० रुपये धरला. सात दिवसांची सहल १,७६,००० रुपयांना पडते, म्हणजे दिवसाला सुमारे २५,०००. तीच चौदा दिवसांची केली, तर २,३२,००० रुपये, म्हणजे दिवसाला सुमारे १६,६००. लांबच्या देशात जास्त दिवस राहणं हेच किफायतशीर. शहापूरला अशी सक्ती नाही. इथे एका दिवसासाठी यावं, पुन्हा यावं, ऋतू बदलला की परत यावं. दर वेळी उंबरठ्याला माणशी तेच शे-पाऊणशे रुपये लागतात.

आक्रात उतरल्यावर मात्र ओळखीचं दृश्य दिसतं. खालच्या टोकाला ट्रोट्रो. ही छोटी बस भरल्याशिवाय सुटत नाही, थेट आमच्या काळ्या-पिवळ्या जीपसारखी. तिचं भाडं फार कमी. वरच्या टोकाला हॉटेलने ठरवून दिलेली वातानुकूलित गाडी, आणि तिचा दर पुष्कळदा डॉलरमध्ये. मधलं साधन जोडून घ्यायचं: आक्राहून केप कोस्टला, म्हणजे साधारण दीडशे किलोमीटर, लांब पल्ल्याच्या ठरलेल्या बसने जायचं, आणि तिथे उतरल्यावर दिवसासाठी टॅक्सी ठरवायची. तिचे चार प्रश्न तेच, जे आपण आसनगावात विचारले. पोर्तुगिजांनी १४८२ मध्ये बांधलेला एल्मिनाचा किल्ला आणि केप कोस्टचा किल्ला इथून पाहता येतात. या किल्ल्यांच्या तळघरांतून गुलाम म्हणून विकलेली माणसं समुद्रापार नेली गेली. तिथे वाटाड्याशिवाय फिरू नये. त्या भिंती काय आहेत, ते सांगायला तिथलाच माणूस लागतो. परदेशी पाहुण्याला प्रवेशशुल्क तिथल्या नागरिकापेक्षा जास्त असतं, जसं आपल्याकडे ताजमहालला आहे. जवळच्या काकुम जंगलात झाडांच्या शेंड्यांवरून जाणारा झुलता पूल आहे, तोही वेगळ्या तिकिटाचा. उत्तरेच्या मोले अभयारण्यात हत्ती पाहायचे, तर आक्राहून तामालेपर्यंत रात्रभराची बस किंवा देशांतर्गत विमान, आणि तामालेच्या पुढचा टप्पा पुन्हा आपला आपण जुळवायचा. शेवटचं लाराबांगा गाव ते अभयारण्याचं दार हे अंतर थोडंच आहे, पण रोजच्या बस तिथवर नेऊन सोडत नाहीत. किलोमीटरमागे हिशोब केला, तर तोच टप्पा सर्वांत महाग निघेल.

चलन हा मात्र वेगळा मुद्दा आहे. तो शहापूरला शिकता येत नाही. घानाचं चलन सेडी. २००७ मध्ये चार शून्यं काढून ते नव्याने आणलं, तरी त्याची किंमत टिकली नाही. २०२२ च्या डिसेंबरात घानाची महागाई ५० टक्क्यांच्या वर गेली होती. म्हणून तिथे जायचं, तर खोलीचा अंदाज डॉलरमध्ये आणि जेवण-प्रवासाचा सेडीत करावा, आणि सेडी एकदम बदलून न घेता आठवड्याच्या गरजेपुरत्याच घ्याव्यात. शेजारचे टोगो, आयव्हरी कोस्ट, बुर्किना फासो, तसंच बेनिन आणि आणखी चार देश मिळून एकच सीएफए फ्रँक वापरतात. त्याचा दर युरोला बांधलेला आहे, एका युरोला ६५५.९५७ फ्रँक. तिथे बजेट सहा महिने आधी केलं तरी फारसं ढळत नाही. ढळतो तो रुपया आणि युरोचा भाव. ज्या कुटुंबाला आकडा आधीच पक्का हवा, त्याने सेनेगल किंवा टोगोचा विचार करायला हरकत नाही. फ्रेंच येत नसेल, तर घाना बरा, कारण तिथे इंग्रजीवर निभावतं.

मधल्या खर्चात आक्रात जेवायचं, तर रस्त्यावरच्या स्वच्छ खानावळीतलं वाचे म्हणजे शिजवलेला भात आणि चवळी, आणि रेड-रेड म्हणजे पामतेलातली चवळीची उसळ, सोबत पिकल्या राजेळी केळ्याचे तळलेले काप. चवळी घरची असल्याने आपल्या पोटाला ते मानवतं. पूर्ण शाकाहारी माणसाने वाटण्यात किंवा रश्शात सुकी मासळी नाही ना, हे आवर्जून विचारावं. गर्दीचाही विचार करावा. २०१९ मध्ये घानाने जगभरच्या आफ्रिकी वंशाच्या लोकांना मायदेशी बोलावलं. तेव्हापासून आक्रात डिसेंबर महिना उत्सवाचा झाला, आणि खोल्यांचे दर त्या महिन्यात चढतात. आपल्या जुलैतल्या शनिवारसारखीच ही गोष्ट.

दोन्ही ठिकाणी बाजूला ठेवलेल्या रकमेला हात लावायचा नाही, हे घरात सगळ्यांना सांगून निघावं. शहापुरात ती रक्कम घाट बंद झाल्यास एका जास्तीच्या रात्रीची किंवा शेवटची लोकल चुकल्यास कल्याणपर्यंतच्या गाडीची असते. ती इतकी हवी, की चौघांना रात्री दहा वाजता आसनगावात अडकावं लागलं तरी घरी पोहोचता यावं. घानात ती जुळणारं विमान चुकल्यावर तिसऱ्या देशातल्या एका मुक्कामाची हवी, आणि ती डॉलरमध्ये, अंगावर, पाकिटापासून वेगळी ठेवायची. मुक्काम न वाढता परत आलात, तर तेच पैसे पुढच्या सहलीच्या गाडीभाड्याला धरावेत.